‘पोट्टी’पासून ‘आयटम’पर्यंत: शब्दाचा अर्थ कोण ठरवतं?

(वाशीम इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



सुरुवात कट्ट्यापासून करू. ‘कट्टा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? मागच्या रांगेतले कास्तकार म्हणतील, सोयाबीनचा कट्टा, म्हणजे पोतं. पुण्या-ठाण्याकडून कुणी आलं असेल तर तो म्हणेल, कट्टा म्हणजे संध्याकाळी मित्र जमतात, गप्पा मारतात ती जागा. आणि पेपरात बातमी येते, ‘गावठी कट्ट्यासह एकाला अटक’. तो कट्टा म्हणजे पिस्तूल. आता आपल्या रिसोडकडचा एखादा मुलगा पुण्याच्या होस्टेलमध्ये म्हणाला, की उद्या बाबा दोन कट्टे घेऊन येऊन राहिले, तर खोलीतल्या बाकीच्यांनी काय समजायचं? गहू येणार आहे की पोलीस येणार आहेत?

या उदाहरणावर आपण हसतो, कारण यात कुणाचं काही बिघडत नाही. दोन मिनिटांत उलगडा होतो. पण काही शब्द असे असतात की त्यांच्या अर्थावरून माणसं दुखावतात, गप्प होतात, कधी कोर्टात जातात. ‘आमच्याकडे असंच बोलतात’ असं एक जण म्हणतो आणि ‘मला हे बोलणं लागलं’ असं दुसरा म्हणतो. अशा वेळी खरं कुणाचं धरायचं? आजचा विषय तो आहे.

बोली वेगळी, टवाळांची भाषा वेगळी

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतात: बोली, पोरांची कट्ट्यावरची भाषा आणि शिवी.

बोली म्हणजे आईकडून शिकलेली भाषा. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘जाऊन राहिलो’ ही वऱ्हाडी आहे आणि तिला व्याकरण आहे. ‘मला’च्या जागी ‘मले’ येतं, तर ‘रामाला’च्या जागी ‘रामाले’ येतं. हा नियम झाला, चूक नाही. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून डोळ्याचा डोया होतो आणि केळीची केयी होते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडीची नोंद स्वतंत्र बोली म्हणून आहे. ‘वावर’ म्हटलं की आपल्याला शेत दिसतं; प्रमाण मराठीत वावर म्हणजे फिरणं, असणं. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत.

कट्ट्यावरची भाषा म्हणजे ठरावीक वयाच्या, ठरावीक टोळक्याच्या माणसांनी आपसात चालवलेले शब्द. झोल, राडा, लोचा, वांदा. ही भाषा घरात शिकत नाहीत, मित्रांत शिकतात. तिचं कामच असं असतं की आपल्यातल्याला कळावं आणि बाहेरच्याला कळू नये. ती लवकर बदलते. तुमच्या वडिलांच्या काळातली टवाळकी आज तुम्ही बोललात तर तुमची पोरं हसतील.

आणि शिवी ही दुखवण्यासाठीच असते. तिच्याबद्दल वाद कमी असतो.

अडचण होते ती सीमेवरच्या शब्दांची. एका गावात बोली, दुसऱ्या गावात शिवी. एकाच्या तोंडी माया, दुसऱ्याच्या तोंडी टोमणा. आपला सगळ्यात जवळचा शब्द घेऊ.

पोट्टी

‘माही पोट्टी बारावीले पहिली आली.’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही आईच्या तोंडी शोभतं. पोट्टा म्हणजे मुलगा, पोट्टी म्हणजे मुलगी, पोट्टे म्हणजे पोरं. त्यात काही वाईट नाही, काही गुपित नाही. हैदराबादच्या दखनीतसुद्धा पोट्टा-पोट्टी आहेत. नवल नाही, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, त्याआधी तो निजामाकडेच होता. आपण ‘हाव’ म्हणतो, ते ‘हौ’ म्हणतात. शब्दांना तहसीलची हद्द माहीत नसते.

मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गात बोलून गेलो, ‘यंदा मेसमध्ये पोट्टे लय झाले.’ वर्ग हसला. ते मी सोसलं असतं. पण शिकवणारे म्हणाले, ‘इथे जरा स्वच्छ भाषेत बोलायचं.’ स्वच्छ! म्हणजे मी आतापर्यंत अस्वच्छ बोलत होतो? माझी आई मला ‘पोट्टा’ म्हणायची, ती अस्वच्छ होती? त्या दिवसानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी हात वर केला नाही. नोकरी लागल्यावर, मास्तर झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की दरवर्षी या जिल्ह्यातून अशी किती तरी पोरं जातात आणि गप्प बसतात. लोक म्हणतात, वाशीमच्या पोरांना आत्मविश्वास नाही. आत्मविश्वास असतो. तोंड उघडलं की हसू येतं, हे त्यांना एकदा कळलेलं असतं.

एक गंमत बघा. गावरान तूप म्हटलं की भाव वाढतो. गावरान आंबा, गावरान कोंबडी, गावठी अंडी, सगळं महाग. पण ‘भाषा अगदी गावठी आहे हो’ म्हटलं की माणसाचा भाव पडतो. अंड्याला जो शब्द मान देतो तोच शब्द माणसाला खाली ओढतो. शब्द तर तोच आहे. मग फरक कुठे पडला? बोलणारा कुणाकडे बघून बोलतोय, तिथे पडला.

आणि ज्या गावात आपण बसलोय त्याचा इतिहास काय सांगतो? वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्याच्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ नावाचं काव्य रचलं, आणि रचलं ते प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकभाषेत वाढलेल्या साहित्याच्या भाषेत. पुढे साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा मोठा पंडित होऊन गेला. त्याने ‘काव्यमीमांसा’त गोष्ट रचली आहे, की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. काव्यरचनेच्या एका रीतीला त्याच्या प्राकृत नाटकात ‘वच्छोमी’ म्हटलं आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, आपल्या वाशीमची. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिचं जुनेपण दाखवायला जे पुरावे मांडले त्यांत महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ होती. एका काळी संस्कृतासमोर जी भाषा बायकांची आणि सामान्य माणसांची समजली जायची, तिच्याच जोरावर आज आपण अभिजात ठरलो. तेव्हा ‘स्वच्छ’ हा शब्द जपून वापरावा.

टाळ्या वाजवू नका, कारण आता मी तुमच्याच विरुद्ध बोलणार आहे.

तोच शब्द, बसस्टँडवर

आई म्हणते ‘माही पोट्टी’. बसस्टँडवर चार जण टपरीला टेकून उभे असतात, समोरून कॉलेजची मुलगी जाते, आणि त्यांतला एक म्हणतो, ‘काय पोट्टी आहे बे!’ शब्द तोच. बोली तीच. गावसुद्धा तेच. आता हा शब्द निर्दोष आहे का? त्या मुलीला विचारा. ती मान खाली घालून चालण्याचा वेग वाढवते. उद्यापासून ती दुसऱ्या रस्त्याने येते. अशा कारणाने किती मुलींचं कॉलेज सुटलं, हे गावातल्या बायकांना विचारा.

म्हणजे पुण्यात मी म्हणत होतो, ‘आमच्याकडे असंच बोलतात’, तेव्हा मी बरोबर होतो. आणि बसस्टँडवरचा पोट्टा म्हणतो, ‘आमच्याकडे असंच बोलतात’, तेव्हा तो चूक आहे. वाक्य एकच आहे. मग दोघांतला फरक ओळखायचा कसा? शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही. कोशात पोट्टी म्हणजे मुलगी एवढंच मिळेल. मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. ते तुमच्यापुढे ठेवतो, पटले तर घ्या.

पहिला प्रश्न: शब्द उलट म्हणता येतो का?

‘काय बे, कुठी जाऊन राहिला?’ मित्र मित्राला म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘तू सांग बे आधी.’ शब्द गेला तसा परत आला. हिशोब चुकता. इथे ‘बे’ म्हणजे जवळीक.

आता हा प्रसंग बघा. वीस वर्षांचा पोरगा वावरात उभा आहे. साठीचा सालदार समोर आहे, ज्याने या पोराला खांद्यावर खेळवलं. पोरगा म्हणतो, ‘काय रे, अजून पाणी नाही फिरवलं?’ सालदार म्हणतो, ‘फिरवतो मालक.’ इथे ‘रे’ एकाच दिशेने गेला. तो परत येऊ शकत नाही. त्या म्हाताऱ्याने ‘काय रे’ असं उलट म्हटलं तर उद्या त्याचं काम राहील का? आणि पोराला विचारलं तर तो शपथेवर सांगेल, की मी काही वाईट बोललोच नाही, आमच्याकडे असंच बोलतात.

जो शब्द दोघांनाही वापरता येतो तो बहुतेक वेळा आपलेपणाचा असतो. जो एकालाच वापरता येतो, तो कितीही गोड असला तरी जरा थांबून बघावा.

दुसरा प्रश्न: ज्याच्याबद्दल बोलतो, त्याच्या माणसांसमोर बोलू का?

मुंबईतला खटला सांगतो. जुलै २०१५ मध्ये शाळेतून घरी जाणाऱ्या एका अल्पवयीन मुलीला एका तरुणाने अडवलं, तिचे केस ओढले आणि ‘आयटम’ म्हणून हाक मारली. मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा सुनावली. न्यायालयाने या शब्दाचा अर्थही सांगितला: मुलं मुलींना हिणवण्यासाठी हा शब्द वापरतात आणि त्यातून मुलीकडे केवळ उपभोगाची वस्तू म्हणून पाहिलं जातं. केस ओढणं तर गुन्हा होताच, पण हेतू काय होता हे ठरवताना शब्दही मोजला गेला.

मूळ इंग्रजीत आयटम म्हणजे यादीतली एखादी वस्तू. किराण्याच्या बिलावर आयटम असतात. सिनेमात ‘आयटम साँग’ आलं, तिथून तो पोरांच्या तोंडी गेला. कुणी म्हणेल, ‘सर, आम्ही तर सुंदर दिसते या अर्थानेच म्हणतो, कौतुकच आहे.’ ठीक आहे. मग तेच कौतुक तिच्या वडिलांसमोर कर. तुझ्या बहिणीचं असं कौतुक दुसऱ्याने केलं तर त्याला चहा पाज. नाही जमत? म्हणजे अर्थ तुलाही ठाऊक आहे. माहीत नसल्याचं सोंग आहे.

आता पोट्टीला हाच प्रश्न लावा. ‘काकू, तुमची पोट्टी कोणत्या वर्गात आहे?’ आपल्या गावात हे सहज विचारता येतं. ‘काय पोट्टी आहे बे’ हे काकूंसमोर विचारता येत नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ असे वेगळे होतात.

तिसरा प्रश्न: एका माणसाला हाक आहे, की सगळ्यांवर चिकटवलेली चिठ्ठी?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण इथे शब्द सभ्य असतो. ‘भैय्या’ घ्या. हिंदीत भाऊ. आपल्या विदर्भात तर भैय्यासाहेब म्हणजे मान. बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव आंबेडकर यांना सगळा महाराष्ट्र भैय्यासाहेब म्हणूनच ओळखतो. आणि मुंबईत? ‘तो भैय्या आहे’ म्हणजे उत्तरेकडून आलेला, टॅक्सीवाला, भेळवाला, कुणीही. नाव विचारायची गरज नाही. हाक मारताना तो शब्द भाऊ असतो, आणि पाठीमागे बोलताना ती जात होते.

मुंबईत हीच वागणूक आपल्यालाही मिळाली आहे. घाट उतरून गिरणीत, गोदीत कामाला गेलेल्या मराठी माणसाला तिथे ‘घाटी’ म्हणत आले. घाटावरचा, एवढाच मूळ अर्थ. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मोठं इस्पितळ लोक ‘घाटी’ म्हणूनच ओळखतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण मुंबईत घाटी म्हणजे अडाणी, गबाळा. ज्याला ‘घाटी’ म्हटलेलं लागतं, त्याने ‘भैय्या’ म्हणताना एकदा आठवावं.

असे शब्द जुन्या, शहाण्या मराठीतही लपलेले आहेत. भाषेची भेसळ झाली की आपले विद्वान रागाने म्हणतात, ‘काय ही धेडगुजरी भाषा!’ कधी तो शब्द फोडून बघितलाय? ‘धेड’ हे एका समाजाला हिणवून दिलेलं नाव आहे आणि गुजरी म्हणजे गुजराती. भाषा शुद्ध ठेवा असं सांगताना आपण एका जातीची नालस्ती करत असतो, आणि तीसुद्धा व्यासपीठावरून. बोलणाऱ्याच्या मनात तसं नसतंच, मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्याला ती लागायची थोडीच थांबते? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर. काही जण म्हणाले, नावात काय आहे, तो तर नुसता पत्ता होता. पत्ता होता खरा, पण ज्याला तो दर अर्जावर लिहावा लागत होता त्याला विचारा.

याडी

आता स्वतःबद्दल एक गोष्ट सांगतो. ती आजवर फार कुणाला सांगितली नाही.

पुण्यात माझ्यावर हसले ते मी तुम्हाला लगेच सांगितलं, नाही का? त्याच्या दहा वर्षं आधीचं सांगितलं नाही. मी मानोऱ्याकडे प्राथमिक शाळेत होतो. वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता. एकदा शाळेत पडला, गुडघा फुटला, आणि रडत ‘याडी, याडी’ म्हणून हाका मारायला लागला. बंजारा लोकांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. आम्हाला ऐकू आलं ‘येडी’. आम्ही हसलो. पुढे वर्षभर आम्ही त्याला त्याच नावाने चिडवलं. मी चिडवण्यात पुढे होतो. तो काय म्हणत होता हे समजून घ्यायची गरज आम्हाला पडली नाही, कारण वर्ग आमचा होता, भाषा आमची होती. पाचवीनंतर तो शाळेत आला नाही. सगळं माझ्यामुळेच झालं असं म्हणत नाही. घरची गरिबी होती, ऊसतोडीला जाणं होतं. पण त्याला शाळेत टिकावंसं वाटेल असं आम्ही काही केलं नव्हतं.

पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात आहे. देशभरातून बंजारा भाविक तिथे येतात. आणि त्यांच्या भाषेत आईला काय म्हणतात, हे शेजारच्या गावातल्या मला ठाऊक नव्हतं.

पुण्यात माझ्या ‘पोट्ट्या’ला जे झालं तेच मी त्याच्या ‘याडी’ला केलं होतं. म्हणून सांगतो, आपल्या बोलीचा अभिमान बाळगायचा तर तो वरच्याकडे बघून एक आणि खालच्याकडे बघून दुसरा, असा ठेवता येत नाही. वऱ्हाडीला मान मागायचा असेल तर गोरबोलीला द्यावा लागेल.

शब्दाचा अर्थ बोलणारा एकटा ठरवत नाही आणि ऐकणारा एकटाही ठरवत नाही. दोघांमध्ये जे नातं असतं ते ठरवतं. नातं बरोबरीचं असेल तर ‘बे’सुद्धा गोड लागतो. नसेल तर ‘भाऊ’सुद्धा टोचतो.



श्रोत्यांचे प्रश्न

*एक पालक:* सर, माझी मुलगी पुण्याला मुलाखतीला जाणार आहे. तिला वऱ्हाडी बोलू नको म्हणून सांगू की नको?

ताई, ‘सोडून दे’ म्हणू नका, ‘आणखी एक शीक’ म्हणा. मुलाखतीत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लागते, ती तिने शिकावी, तो तिचा हक्क आहे. लग्नाला आपण चांगली साडी नेसतो, म्हणून घरची साडी फेकून देत नाही. आणि मुलाखत झाल्यावर तिने तुम्हाला फोन केला की तुम्ही तिच्याशी वऱ्हाडीतच बोला. तिथे दमलेल्या पोरीला तेवढं हवं असतं.

*एक विद्यार्थी:* सर, आम्ही मित्र मित्र एकमेकांना शिव्या देतो. कुणी राग धरत नाही. उलट म्हणता येतात, बरोबरीचं नातं आहे. मग तुमच्या हिशोबाने त्या चालतात का?

चांगलं पकडलंस, बेटा. पण तुमच्या बहुतेक शिव्या कुणावरून असतात? आईवरून, बहिणीवरून. त्या बाया तुमच्या कट्ट्यावर असतात का? तू मित्राला उलट शिवी देऊ शकतोस, पण जिचं नाव निघालं ती तुम्हा दोघांनाही उलट काही म्हणू शकत नाही, कारण ती तिथे नाहीच. माझा पहिला प्रश्न तुम्हा दोघांपुरता विचारू नकोस. ती तिसरी जी घरी स्वयंपाक करत बसली आहे, तिच्यापर्यंत ने. मग तुझं तूच ठरव.